बागेपासून नगरापर्यंत: बायबलमधला एक विषय मुळापासून कसा अभ्यासायचा

दर जानेवारीत ‘या वर्षी पूर्ण बायबल वाचायचंच’ असा बेत आखणारे बरेच असतात. उत्पत्ती हे पहिलं पुस्तक झपाट्यानं होतं. निर्गम या दुसऱ्या पुस्तकाचा पहिला निम्मा भाग गोष्टीसारखा वाचून होतो. मग पंचविसावा अध्याय आणि त्याच्या पुढचे येतात: बाभळीचं लाकूड, सोन्याच्या कड्या, बकऱ्याच्या केसांचे पडदे, पन्नास आकडे, इतके हात लांब, तितके हात रुंद. बहुतेकांची गाडी इथेच रुतते. माझी लागोपाठ तीन वर्षं रुतली. चौथ्या वर्षी मी उलटं केलं. जिथे अडकलो होतो तेच अध्याय धरून बसलो आणि हे सगळं इथे का आलंय, ते आधी कुठे होतं, पुढे त्याचं काय होतं, एवढंच शोधत गेलो. तेव्हापासून आमच्या बायबल अभ्यासगटात आम्ही एखादा विषय याच रीतीनं घेतो. ती रीत इथे एका विषयावर पूर्ण करून दाखवतो. विषय आहे देवाने माणसांमध्ये वस्ती करणं.

अभ्यासाच्या या शाखेला बायबलचं ईश्वरविज्ञान म्हणतात. ‘पाप म्हणजे काय’, ‘तारण म्हणजे काय’ असे प्रश्न घेऊन सगळ्या बायबलातून उत्तरं गोळा करायची आणि नीट मांडायची, हे पद्धतशीर ईश्वरविज्ञानाचं काम. इथे प्रश्न वेगळा असतो. एखादी गोष्ट ग्रंथात कुठे उगवली, वाटेत कशी बदलली आणि कुठे पोचली? १७८७ साली योहान फिलिप गाब्लर यांनी जर्मनीतल्या आल्टडॉर्फ विद्यापीठात दिलेल्या भाषणात या दोन कामांची फारकत मांडली, आणि या शाखेची सुरुवात सहसा तिथून धरतात. आपल्याला त्या वादात शिरायची गरज नाही. क्रम महत्त्वाचा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

लागणारं सामान

समासात संदर्भ छापलेली मराठी बायबलची एक प्रत, शक्य असेल तर दुसरं एखादं भाषांतर, शंभर पानी वही आणि पेन्सिल. पेन नको, कारण खाडाखोड भरपूर होणार आहे. दुसरं भाषांतर का लागतं ते पुढे येईलच. पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याची शेवटची वर्षं इब्री आणि ग्रीक मुळावरून सोप्या मराठीत बायबल आणण्यात घातली आणि १९२२ साली मृत्यूपूर्वी ते काम संपवलं. साध्या बायाबापड्यांना समजेल असा शब्द हवा म्हणून त्यांनी एवढा खटाटोप केला. आपण निदान दोन प्रती शेजारी ठेवून ताडून पाहू शकतो.

वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात ‘इथे काय आहे’, दुसऱ्यात ‘आधीपेक्षा काय बदललं’, तिसऱ्यात ‘काय अपुरं राहिलं’. पहिले दोन कुणालाही सुचतात. खरं काम तिसरा रकाना करतो. बायबलमधला विषय पुढे सरकतो तो जे अपुरं राहिलं त्याच्या ओढीनं, असा माझा अनुभव आहे. तो रकाना रिकामा ठेवलात तर हाती फक्त वचनांची यादी येईल.

शब्दाच्या नव्हे, चित्राच्या मागे जा

नवखा माणूस शब्दसूची उघडतो, ‘मंदिर’ शब्दापुढचे सगळे संदर्भ उतरवतो आणि दमतो. मी स्वतः एकदा ‘पाणी’ हा विषय असाच घेतला होता. चार संध्याकाळी नुसती वचनं लिहिण्यात गेल्या. त्यात विहिरी होत्या, पाय धुणं होतं, उंटांना पाजणं होतं. गटासमोर काय सांगायचं ते मात्र एका ओळीचंही सुचलं नाही.

शब्दसूचीची खरी अडचण अशी की ती एकाच वेळी जास्त देते आणि कमीही देते. उत्पत्तीच्या दुसऱ्या-तिसऱ्या अध्यायात ‘मंदिर’ हा शब्दच नाही. तरी आपला विषय तिथूनच सुरू होतो. म्हणून शब्दाऐवजी चित्र धरा: देव आणि माणूस एका ठिकाणी. मग ते चित्र उभं राहण्यासाठी लागणाऱ्या खुणा शोधा. आपल्या विषयात त्या खुणा म्हणजे बाग, झाड, नदी, करूब (पंखांचे स्वर्गीय पहारेकरी), पूर्व दिशा, ढग आणि मंडप (देवाच्या वस्तीसाठी उभारलेला तंबू).

बाग

उत्पत्ती २ आणि ३ सावकाश वाचा आणि तीन जागी खूण करा. २:१५ मध्ये (म्हणजे अध्याय २, वचन १५) माणसाला बागेत ठेवलंय ते तिची मशागत आणि राखण करायला. मुळातल्या इब्री क्रियापदांची हीच जोडी पुढे गणना या पुस्तकात ३:७-८ मध्ये लेव्यांच्या, म्हणजे सेवेसाठी नेमलेल्या वंशाच्या, मंडपातल्या सेवेसाठी येते. ३:८ मध्ये देव बागेत फिरतोय. याच घडणीचं क्रियापद लेवीय २६:१२ मध्ये आहे, ‘मी तुमच्यामध्ये चालेन’ या अर्थानं, आणि २ शमुवेल ७:६ मध्येही आहे, तंबूतून फिरत राहिलेल्या देवाविषयी. तिसरी खूण ३:२४ ला. माणूस बाहेर, पूर्वेकडे करूबांचा पहारा, आणि जीवनाच्या झाडाची वाट बंद.

एदेन, म्हणजे ही बाग, हेच पहिलं मंदिर, असं बरेच अभ्यासक म्हणतात. काहींना ते ताणलेलं वाटतं. माझं मत मधलं आहे. उत्पत्ती वाचताना वाचकाला हे दिसेलच असं नाही, पण मंडप ज्यानं उभा केला त्याला बाग आठवत होती, यात मला शंका वाटत नाही. आता वहीत तिसरा रकाना भरा: वाट बंद, पहारा पूर्वेला.

मंडप: इथे मुक्काम करा

निर्गम २५ ते ३१ मध्ये निवासमंडपाच्या सूचना आहेत आणि ३५ ते ४० मध्ये तो उभारल्याची हकिकत. म्हणजे तेरा अध्याय झाले. जगाची निर्मिती दोन अध्यायांत आटोपते, हे शेजारी मांडून पाहा. लेखकाला घाई कशाची नव्हती ते कळतं.

पेन्सिल घ्या आणि २५ ते ३१ मध्ये ‘परमेश्वर मोशेला म्हणाला’ हे जिथे जिथे येतं तिथे आकडा घाला. २५:१, ३०:११, ३०:१७, ३०:२२, ३०:३४, ३१:१, ३१:१२. सात वेळा. सातव्या बोलण्याचा विषय काय? शब्बाथ, म्हणजे सातव्या दिवसाचा विसावा. आता उत्पत्ती १ चे सहा दिवस आणि सातव्याचा विसावा आठवा. मग ३९:४३ वाचा. मोशे सगळं काम पाहतो, ते सांगितल्याप्रमाणे झालेलं असतं आणि तो आशीर्वाद देतो. उत्पत्ती १:३१ आणि २:३ चा नाद इथे कानावर येतो. आमच्या गटात एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी हे सात आकडे स्वतः मोजले आणि चष्मा काढून म्हणाल्या, “मग हे कंटाळवाणं आहे असं आपल्याला कुणी सांगितलं होतं?”

त्याहून मोठी गोष्ट मधे आहे. सूचना संपतात आणि उभारणी सुरू होते, त्या मधल्या ३२ ते ३४ या अध्यायांत सोन्याच्या वासराचं प्रकरण आहे. डोंगरावर मंडपाचा नकाशा मिळत असताना खाली लोकांनी मूर्ती ओतली. ३३:३ मध्ये देव म्हणतो, मी तुमच्यामधून चालणार नाही. ३३:१५ मध्ये मोशे अडून बसतो: तू स्वतः येत नसशील तर आम्हांला इथून हलवूच नकोस. हे वाचून झाल्यावर ३५ ते ४० उघडा. तेच पडदे, तेच आकडे, त्याच फळ्या पुन्हा. आता ते रटाळ वाटत नाहीत. मोडलेला बेत शब्दाला शब्द पुन्हा उभा राहतोय. पुनरुक्ती हाच इथला निरोप आहे.

शेवटी ४०:३४-३५: ढग येतो, परमेश्वराचं तेज मंडप भरून टाकतं आणि मोशेला आत जाता येत नाही. हे वाक्य तिसऱ्या रकान्यात उतरवा. घर झालं, घरधनी आला, पण ज्यानं घर बांधून घेतलं तो दाराबाहेर! लेवीयाच्या पहिल्याच वचनात देव मंडपातून मोशेला हाक मारतो. गणनाच्या पहिल्या वचनात तो मंडपात मोशेशी बोलतो. या दोन वचनांमध्ये लेवीय हे अख्खं पुस्तक पसरलंय. आत जायचं कसं, याचं उत्तर ते देतं आणि त्याच्या मधोमध अध्याय १६ आहे, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. तरीही उणं राहतंच: परमपवित्रस्थानात, म्हणजे अगदी आतल्या खोलीत, वर्षातून एक दिवस आणि एकच माणूस.

अंतरपटाशी थोडं थांबा

परमपवित्रस्थानापुढच्या कापडाला बऱ्याच मराठी प्रतींत निर्गम २६:३१ मध्ये ‘अंतरपट’ म्हटलंय. मत्तय २७:५१ ला, येशूच्या मरणाच्या वेळी तो वरपासून खालपर्यंत फाटतो तेव्हा, तो ‘पडदा’ होतो. एकच वस्तू, दोन शब्द. केवळ शब्दसूचीवर विसंबणाऱ्याच्या हातून ही जोडी निसटते. दुसरं भाषांतर हवं ते याचसाठी.

पण उलटा धोकाही इथेच आहे. मराठी कानाला अंतरपट म्हटलं की मंगलाष्टकं ऐकू येतात, अक्षता दिसतात. एका प्रवचनात मी ऐकलंय: अंतरपट दूर झाला, वधूवर एकमेकांसमोर आले. गोड आहे, टाळ्याही पडतात. मात्र निर्गमाच्या लेखकाच्या मनात लग्न नव्हतं. त्या कापडावर करूब विणलेले आहेत, म्हणजे एदेनच्या दारावरचा पहारा इथे कापडावर उतरलाय. त्याचा अर्थ आहे ‘पुढे येऊ नका’. आपल्या भाषेचा गोडवा जरूर वापरा, पण मुळातलं चित्र आधी सांगून. तो पहारा फाटला, हे लग्नाच्या उपमेपेक्षा कितीतरी जबर आहे.

मंदिर आणि त्याचं दुखणं

आता वेग वाढवा. २ शमुवेल ७ मध्ये दावीद देवासाठी घर बांधू म्हणतो आणि देव म्हणतो, मीच तुझं घर बांधीन. इब्रीत दोन्हीकडे एकच शब्द आहे. मराठीला तर हा श्लेष आयताच मिळालाय: घर आणि घराणं. विषय इथे राजवंशाच्या विषयाला चिकटतो. वहीत बाण काढून ठेवा, त्याच्या मागे आत्ता जाऊ नका. एका विषयातून दुसऱ्यात घसरणं हा या अभ्यासातला सगळ्यात मोठा मोह आहे.

१ राजे ६ ते ८ वाचताना मापं पाहा. मंदिर ६० हात लांब, २० हात रुंद, ३० हात उंच. आतलं परमपवित्रस्थान लांबी, रुंदी, उंची सारखीच वीस हात, असा चौरस ठोकळा. हात साधारण ४५ सेंटीमीटरचा धरला तर मंदिर अंदाजे २७ मीटर लांब येतं, आपल्याकडच्या मध्यम चर्चएवढं. भिंतींवर करूब, खजुरीची झाडं, उमललेली फुलं कोरलेली, म्हणजे पुन्हा बाग. ८:१०-११ मध्ये पुन्हा ढग, आणि याजकांना उभं राहता येत नाही. लगेच ८:२७ मध्ये शलमोन स्वतःच म्हणतो की आकाशात तू मावत नाहीस, मग या घराची काय कथा. एवढं उद्‌घाटन करून तिथेच त्याची मर्यादा सांगणारी ही प्रार्थना मला फार आवडते. मात्र ५:१३ ही वगळू नका. या कामासाठी शलमोनानं तीस हजार माणसं वेठीला धरली होती. मिसरातल्या वेठबिगारीतून सुटलेल्यांच्या वंशजांनी!

मग दुखणं बळावतं. यिर्मया ७ मध्ये लोक ‘परमेश्वराचे मंदिर’ असा मंत्र तीनदा म्हणतात, जणू ताईतच, आणि संदेष्टा त्याला लुटारूंची गुहा म्हणतो. यहेज्केल ८ ते ११ सलग वाचा. परमेश्वराचं तेज मंदिराच्या उंबरठ्यावर येतं, मग पूर्वेच्या दारावर, मग शहराच्या पूर्वेच्या डोंगरावर. टप्प्याटप्प्यानं, रेंगाळत. एदेनमधून माणूस पूर्वेला निघाला होता, इथे देव निघाला. ११:१६ मात्र बारकाईनं वाचा. परमुलखात विखुरलेल्यांसाठी मीच काही काळ पवित्रस्थान झालो, असं देव म्हणतो. भिंती पडण्याआधीच विषयानं वळण घेतलेलं असतं. इ.स.पू. ५८७-८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानं मंदिर जाळलं.

जे लिहिलेलं नाही तेही वाचा

बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांनी मंदिर पुन्हा बांधलं. ते इ.स.पू. ५१५ च्या सुमारास पुरं झालं. एज्रा ६ मध्ये अर्पणाचा सोहळा आहे. निर्गम ४०, १ राजे ८ आणि एज्रा ६ अशी तीन पानं शेजारी ठेवा आणि गटाला विचारा, काय नाही? आमच्याकडे बराच वेळ शांतता होती. मग दहावीतल्या एका पोरानं सांगितलं, “ढग नाही.”

बरोबर. लोक आहेत, बैल आहेत, आनंद आहे, ढग मात्र नाही. एज्रा ३:१२ मध्ये पाया घालतानाच म्हातारे रडले होते. मलाखी ३:१ मध्ये प्रभू आपल्या मंदिरात अकस्मात येईल असं म्हटलंय, म्हणजे वाट पाहणं चालूच आहे. यहुदी परंपरेतल्या क्रमात इब्री शास्त्राचं शेवटचं पुस्तक इतिहास आहे. २ इतिहास ३६:२३ मध्ये पारसचा राजा कोरेश यरुशलेमात घर बांधायला सांगतो आणि ‘वर जा’ म्हणतो. ग्रंथ तिथेच, उघड्या दारावर थांबतो.

नवा करार: आधी मागे वळून पाहा

इथवर नवा करार न उघडता यायचं, हा आमचा नियम. नाहीतर प्रत्येक खुंटीत लोक येशू शोधतात. निळा रंग म्हणजे स्वर्ग, तांबडा म्हणजे रक्त, फळ्या म्हणजे विश्वासणारे, असं काय वाट्टेल ते. माझी कसोटी साधी आहे: नव्या करारानं स्वतः तो धागा उचललाय का? आणि जुन्या करारातच तो पुन्हा पुन्हा आलाय का? निदान एकाचं उत्तर ‘हो’ नसेल तर ती कल्पना वहीत ठेवायची, व्यासपीठावर न्यायची नाही.

योहान १:१४ मध्ये ‘शब्द’ (म्हणजे येशू) देही झाला आणि त्यानं आमच्यामध्ये वस्ती केली. ग्रीक क्रियापदाच्या पोटात ‘तंबू’ आहे, म्हणजे डेरा टाकला. त्याच वचनात ‘तेज’ आहे. निर्गम ४० इथे जवळजवळ बोट ठेवून दाखवलाय. योहान २:१९-२१ मध्ये मंदिर म्हणजे त्याचं शरीर असं शुभवर्तमानच सांगतं, त्यामुळे अंदाज बांधायला नको. मार्क ११:१७ मध्ये यिर्मयाची लुटारूंची गुहा परत येते. इब्री लोकांस पत्र ९ आणि १० लेवीय १६ शेजारी ठेवून वाचा, एकटं वाचलं तर निम्मं कळत नाही.

पुढे १ करिंथ ३:१६: तुम्ही देवाचं मंदिर आहात. मराठीत ‘तुम्ही’ आदरार्थी एकवचनही असतं, त्यामुळे वाचणाऱ्याला आपण एकटेच मंदिर आहोत असं वाटू शकतं. ग्रीकमध्ये ते अनेकवचन आहे. भांडणाऱ्या, गट पाडणाऱ्या करिंथच्या मंडळीला पौल सांगतोय की तुम्ही सगळे मिळून एक मंदिर आहात, ते मोडू नका. प्रत्येकाच्या शरीराचा मुद्दा ६:१९ मध्ये येतो, वेगळ्या कारणासाठी. एका सर्वनामानं प्रवचनाचा रोख बदलतो. इफिस २:१९-२२ आणि १ पेत्र २:५ इथेच जोडा.

शेवटी प्रकटीकरण २१ आणि २२. नगराची लांबी, रुंदी, उंची सारखी. असा ठोकळा आपण एकदाच पाहिलाय, शलमोनाच्या परमपवित्रस्थानात. म्हणजे अख्खं नगरच आतली खोली झालं. म्हणून २१:२२ मध्ये मंदिर दिसत नाही. नदी आहे, जीवनाचं झाड आहे आणि २१:२५ प्रमाणे वेशी बंदच होत नाहीत. आता वहीचं पहिलं पान उघडा आणि ‘वाट बंद’ या नोंदीपुढे हे वचन लिहा.

एक सावधगिरी सांगतो. ही ख्रिस्ती वाचनाची वाट आहे. इ.स. ७० मध्ये रोमी सैन्यानं दुसरं मंदिर पाडल्यावर यहुदी लोकांनी याच शास्त्रातून प्रार्थना, अभ्यास आणि सभास्थान यांची वेगळी वाट काढली, आणि ती आजही जिवंत आहे. ‘त्यांना कळलं नाही, आपल्याला कळलं’ असा सूर गटात लागला की मी यहेज्केल ११:१६ पुन्हा वाचायला लावतो.

वेळेचा हिशेब

सहा बैठका धरा. बागेला एक, मंडपाला दोन, मंदिर आणि यहेज्केल मिळून एक, एज्रा ते योहान एक, पत्रं आणि प्रकटीकरण एक. मंडपाच्या दोन बैठकांत काटछाट करू नका, पत्रांच्या बैठकीत केलीत तरी चालेल. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला मागचा तिसरा रकाना कुणीतरी मोठ्यानं वाचावा, बाकी उजळणी लागत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात राचोलला छापलेल्या क्रिस्तपुराणात हीच सगळी वाट ओव्यांतून, पैलें आणि दुसरें अशा दोन पुराणांत मांडली होती. तेव्हा मराठीत हे पहिल्यांदा होतंय असं समजून दडपण घेऊ नका.

पुढचा विषय निवडताना करार किंवा राज्य असा अवाढव्य विषय लगेच घेऊ नका. शब्बाथ घ्या, आटोपशीर आहे. उत्पत्ती २:१-३ पासून निघा. मग निर्गम २० आणि अनुवाद (बायबलचं पाचवं पुस्तक) ५ मधल्या दोन्ही दशाज्ञा शेजारी ठेवा. आज्ञा तीच, पण एकीकडे कारण दिलंय निर्मितीचं आणि दुसरीकडे मिसरातल्या गुलामगिरीचं. तो फरक पहिल्याच दिवशी दुसऱ्या रकान्यात लिहा.